दुसऱ्या मास्टर्सवर नवी ओपीटी मिळत नाही: फायनान्सकडे वळताना डिग्री कशी निवडायची

अरे, तुझं सगळं नीट वाचलं आणि उत्तर द्यायला मुद्दाम दोन रात्री घेतल्या, कारण मी घाईत काहीतरी लिहायचं आणि तू त्यावर साठ लाखांचं कर्ज काढायचं, असं मला व्हायला नकोय. आधी तुझी परिस्थिती माझ्या शब्दांत मांडते, चुकत असेन तर सांग. तू सांगलीचा, बीई मेकॅनिकल, मग इकडे येऊन एमएस मेकॅनिकल, मे २०२३ ला पास, तेव्हापासून डेट्रॉइटजवळ एका ऑटो सप्लायरकडे सीएईचं, म्हणजे कॉम्प्युटरवर भागांची मजबुती-उष्णता तपासायचं काम, वय २८. ओपीटीचं, म्हणजे डिग्रीनंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायच्या परवानगीचं वर्ष झालं, स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणिताच्या डिग्रीला मिळणारी वाढीव दोन वर्षं जुलै २०२६ ला संपतायत. एच-वन-बीची, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची लॉटरी २०२४ ला लागली नाही, २०२५ ला लागली नाही, आता या मार्चची शेवटची. सीएफए या फायनान्सच्या परीक्षेची पहिली लेव्हल पास. मन फायनान्सकडे ओढतंय, आणि विचारतोयस की एमबीए, एमएस फायनान्स की फायनान्शियल इंजिनिअरिंग, यातली कुठली डिग्री घेतली म्हणजे फील्डही बदलेल आणि इथे राहताही येईल. शिवाय जाता जाता लिहिलंयस की पुण्यातली मामेबहीणही याच तीन डिग्र्यांमध्ये अडकलीये, ती पहिल्यांदाच येणार आहे, तिचंही सांग ताई.

प्रश्न एकच आहे पण तुम्हा दोघांची उत्तरं अगदी उलटी आहेत. का ते समजलं की बाकीचं बरंच आपोआप सुटेल.

मी २००६ ला आले, स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस केलं, आणि गेली बरीच वर्षं बँकेत मॉडेल व्हॅलिडेशन करते, म्हणजे दुसऱ्यांनी बांधलेली किमतीची आणि रिस्कची गणितं तपासायची. दरवर्षी मुलाखती घेते, त्यामुळे कोण आत येतं, कोण दारातून परत जातं आणि कशामुळे, हे जवळून बघितलंय. वकील मात्र मी नाहीये, म्हणून खाली व्हिसाबद्दल जे लिहितेय ते तुझ्या कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला आणि एका इमिग्रेशन वकिलाला दाखव. वकिलाच्या एका तासाची फी कर्जाच्या पहिल्या हप्त्यापेक्षा खूपच कमी असते.

तर तुझी मुख्य अडचण. ओपीटीचे १२ महिने शिक्षणाच्या एका पातळीवर एकदाच मिळतात. तू मास्टर्सच्या पातळीवर ते वापरून टाकलेत. एमबीए हीही मास्टर्सच, एमएस फायनान्सही मास्टर्सच, फायनान्शियल इंजिनिअरिंगही मास्टर्सच, म्हणजे यातलं काहीही केलंस तरी नवे १२ महिने नाहीत. स्टेमची २४ महिन्यांची वाढ आयुष्यात दोनदा मिळू शकते खरी, पण दुसऱ्यांदा ती आधीपेक्षा वरच्या पातळीच्या डिग्रीवरच मिळते, म्हणजे तुझ्या बाबतीत पीएचडी, आणि व्हिसासाठी पीएचडी करू नये एवढंच त्यावर म्हणते, पुढे जाते. राहिला एच-वन-बीतला मास्टर्सचा २०,००० जागांचा वेगळा कोटा, तर तो तुला आधीच्या एमएसमुळे आजही लागू आहे, दुसरी डिग्री त्यात काही भर घालत नाही.

आता हे कॅलेंडरवर मांडून बघ. समज तू या ऑगस्टमध्ये दोन वर्षांच्या एमबीएला लागलास. २०२७ च्या उन्हाळ्यात सीपीटीवर, म्हणजे शिकत असतानाच्या कामाच्या परवानगीवर, इंटर्नशिप होईल, ते ठीक. मे २०२८ ला डिग्री, हातात ओपीटी शून्य. म्हणजे ज्या बँकेनं ऑफर दिली तिनं मार्च २०२८ ला तुझं नाव लॉटरीत घालायचं, लागलं तर तू ऑक्टोबरमध्ये कामाला लागणार, मधले महिने घरी बसणार, नाही लागलं तर सामान बांधायचं. तुझ्या वर्गात शेजारी बसलेला पहिल्यांदा आलेला मुलगा स्टेम एमबीएवर तीन वर्षं काम करत तीनदा लॉटरीत उतरेल आणि तू एकदाच. फी दोघांची सारखी. मोठ्या खासगी स्कूलमध्ये राहण्याखाण्यासकट दोन वर्षांचे दोन लाख डॉलरच्या वर सहज जातात. एका लॉटरीच्या चिठ्ठीसाठी एवढे पैसे मोजू नकोस, मी हे अगदी कळकळीने सांगतेय.

इथे कोणीतरी तुला पहिल्या दिवसापासून सीपीटी देणारं कॉलेज सुचवेल, किंबहुना सुचवलंही असेल. शनिवार-रविवारी वर्ग, बाकी पूर्णवेळ नोकरी, वर आणखी एक मास्टर्स. आगीतून फुफाट्यात आहे ते. पुढे कधी एच-वन-बी लागला की स्टेटस बदलताना नेमका याच काळावर प्रश्न येतो, ही नोकरी खरंच अभ्यासक्रमाचा भाग होती का, तू खरोखर विद्यार्थी होतास का, आणि तेव्हा दाखवायला नीट कागद नसतात.

आता मामेबहिणीकडे येते, कारण तिच्या बाबतीत डिग्रीची निवड खरोखरच व्हिसाचं भवितव्य ठरवते, आणि ती ज्या एका गोष्टीनं ठरते तिच्याकडे ब्रोशरमध्ये कोणाचं लक्षच जात नाही. प्रत्येक कोर्सला सरकारी यादीतला एक सहा आकडी कोड असतो आणि तो आय-ट्वेंटीच्या, म्हणजे कॉलेज व्हिसासाठी देतं त्या फॉर्मच्या, पहिल्या पानावर मेजरच्या नावाशेजारी छापलेला असतो. फायनान्स जनरलचा कोड ५२.०८०१, तो स्टेमच्या यादीत नाही. फायनान्शियल मॅथेमॅटिक्सचा २७.०३०५, तो यादीत आहे. फायनान्शियल अॅनालिटिक्स, ३०.७१०४, तो जानेवारी २०२२ ला यादीत आला. म्हणजे एकाच गावातल्या दोन युनिव्हर्सिट्या, दोन्हीकडे एमएस फायनान्स असंच नाव, पुस्तकंसुद्धा तीच, पण एकीनं कोर्स एका कोडखाली नोंदवलाय आणि दुसरीनं दुसऱ्या, तर एकीकडून पास झालेली मुलगी १२ महिने काम करणार आणि दुसरीकडची ३६. एमबीएचंही तेच, काही स्कूल्समध्ये अख्खा एमबीए स्टेममध्ये बसतो, काही ठिकाणी ठराविक मेजर घेतलं तरच. तिला सांग की डिपॉझिट भरायच्या आधी अॅडमिशन ऑफिसला ईमेल करून कोड लेखी मागवायचा. फोनवर कोणी काही सांगितलं तर ते धरायचं नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. २००८ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा स्टेमची वाढ आली, तेव्हा ती १७ महिन्यांची होती, २४ ची ती २०१६ ला झाली. मी आणि माझी रूममेट दोघी डिसेंबर २००८ ला पास झालो. मी स्टॅटिस्टिक्सची, ती एमएस फायनान्सची, चार विषय तर आम्ही एकाच बाकावर बसून केले होते. मला उन्हाळ्यातच ऑफर आली होती, १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स बुडाली आणि ऑक्टोबरच्या अखेरीला माझी ऑफर एका दोन ओळींच्या ईमेलनं रद्द झाली. ओपीटीवर बेकार राहायचे एकूण ९० दिवसच मिळतात. आम्ही फ्रिजवर कॅलेंडर लावून रोज एक दिवस खोडायचो. मला ७१ व्या दिवशी एका छोट्या कन्सल्टिंग फर्ममध्ये काम मिळालं, पगार अगदी बेताचा, पण माझ्यापुढे १७ महिने जास्तीचे आहेत हे दिसल्यावर ते मला घ्यायला तयार झाले. तिलाही तिथेच मुलाखत होती, आणि तिच्याकडे जेमतेम दहा महिने उरलेत हे कळल्यावर तो माणूस प्रामाणिकपणे म्हणाला की एवढ्यात आम्ही शिकवणार काय आणि काम करून घेणार काय. एप्रिलमध्ये ती मुंबईला परत गेली. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार होती, आजही आहे, एका म्युच्युअल फंडात फार मोठ्या जागेवर आहे आणि सुखात आहे. पण त्या वर्षी आम्हा दोघींमध्ये फरक होता तो फक्त त्या सहा आकड्यांचा.

लॉटरीबद्दल. तुला वाटतंय की हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे, आणि गेल्या वर्षीपर्यंत तसंच होतं. २०२५ च्या मार्चमध्ये साधारण ३ लाख ४४ हजार पात्र नोंदण्या आल्या आणि १ लाख २० हजारांच्या आसपास निवडल्या गेल्या, म्हणजे तिघांत एक म्हण. या वर्षीपासून ते बदललंय. डिसेंबर २०२५ च्या अखेरीला आलेल्या नियमानं पगाराच्या पातळीप्रमाणे चिठ्ठ्या, चौथ्या पातळीला चार, तिसरीला तीन, दुसरीला दोन, पहिलीला एक. सरकारचाच अंदाज आहे की पहिल्या पातळीवाल्याची शक्यता १५ टक्क्यांच्या आसपास येईल आणि चौथ्या पातळीवाल्याची ६१ च्या आसपास जाईल. मागच्या दोन्ही वेळी तुझं नाव सगळ्यांसारखंच एकदा होतं, आता तसं राहणार नाही.

ही पातळी ठरते कशी ते नीट बघ. कामाचा कोड, कामाचं ठिकाण आणि प्रत्यक्ष देऊ केलेला पगार, या तिन्हीवरून. लेबर खात्याच्या वेज सर्चवर जायचं, तुझा व्यवसाय निवडायचा, काउंटी निवडायची, चार आकडे समोर येतात आणि आपला पगार कुठल्या आकड्याच्या वर आहे ते बघायचं. तुझा पगार दुसऱ्या पातळीला थोडक्यात हुकत असेल, म्हणजे समज दोन-तीन हजार डॉलरनं, तर एचआरशी आजच बोल, मार्चच्या नोंदणीनंतर नाही. तेवढी वाढ दिल्यानं चिठ्ठ्या दुप्पट होतात आणि पुष्कळ मॅनेजरांना हे माहीतच नसतं. पण पगार कागदावर फुगवून नंतर कमी द्यायचा, असलं काही कोणी सुचवलं तर मान्य करू नकोस, ते पिटिशनच्या, म्हणजे कंपनीनं व्हिसासाठी टाकायच्या अर्जाच्या, वेळी अंगाशी येतं.

याचा डिग्रीशी संबंध असा, की फायनान्स म्हटलं की सगळ्यांना मॅनहॅटन दिसतं, आणि मॅनहॅटनमध्ये त्या चारही पातळ्यांचे आकडे चढे आहेत. ९५,००० डॉलरच्या अॅनालिस्टला तिथे खालची पातळी मिळेल, तोच पगार शार्लटला, जिथे बँक ऑफ अमेरिकाचं मुख्यालय आहे, वरच्या पातळीत बसू शकतो. डिग्री संपल्यावर ज्या पगाराची नोकरी लागते तो पगार आता व्हिसाचाच भाग झालाय. म्हणून मामेबहिणीला कोर्स निवडताना सरासरी पगार विचारायला सांगू नकोस, तिनं मागच्या वर्षीच्या भारतीय मुलांना विचारायचं की कुठल्या शहरात, कुठल्या पदावर, किती बेसवर, म्हणजे बोनस सोडून मूळ पगारावर, लागलात. मोठ्या बँकेतला एमबीए असोसिएट पावणेदोन लाख डॉलर बेसवर सुरू होतो, त्याचं ठीक चालेल. एमएस फायनान्स करून ऑपरेशन्समध्ये ६५ हजारांवर लागलेल्याचं या नियमाखाली फार अवघड आहे. तिचे मार्क चांगले असतील, गणिताची भीती नसेल तर मी तिला फायनान्शियल इंजिनिअरिंगच सांगेन, आणि त्यातही बारूक कॉलेजसारखं सरकारी, तुलनेनं स्वस्त आणि थेट मॅनहॅटनमधलं आधी बघ म्हणेन. कार्नेगी मेलनचा १६ महिन्यांचा कोर्स उत्तम, बर्कलीचा एका वर्षाचा उत्तम, पण फी बघून निर्णय घे.

एक लाख डॉलरच्या फीबद्दल तू घाबरून लिहिलंयस. सप्टेंबर २०२५ ची ती घोषणा मुख्यतः अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी नवीन पिटिशन टाकण्यावर आहे. इथे एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असताना आतल्या आत स्टेटस बदललं तर ती लागत नाही, हे इमिग्रेशन खात्यानं, यूएससीआयएसनं, ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलंय. पण यात एक खाच आहे. आमच्या टीममधला एक मुलगा, २०२४ ला लॉटरी लागली, पिटिशन गेलं, स्टेटस बदलायचा अर्ज अजून मंजूर व्हायचा होता, आणि हा वडिलांच्या साठीशांतीला आठ दिवस साताऱ्याला जाऊन आला. देश सोडला की स्टेटस बदलायचा अर्ज सोडून दिला असं धरतात. तेव्हा त्याला फक्त मुंबईला कॉन्सुलेटमध्ये जाऊन स्टँपिंग करून यावं लागलं, दोन महिने अडकला पण आला. आज कोणी असं केलं तर समोर त्या एक लाखाचा प्रश्न उभा राहू शकतो. तेव्हा तुझं नाव मार्चमध्ये लागलं तर पिटिशन जुलैच्या आत पडायला हवं, म्हणजे ओपीटी संपल्यापासून एच-वन-बी सुरू होईपर्यंतच्या सवलतीत, कॅप-गॅपमध्ये, काम चालू राहील, आणि मंजुरी हातात येईपर्यंत लग्न असो, वास्तुशांती असो, कुठेही जायचं नाही. आईला आधीच सांगून ठेव.

आता नाव नाही लागलं तर. इथे मी तुला डिग्री बाजूला ठेवून आधी कामाबद्दल विचारते, कारण तू फायनान्स म्हणतोस ते नक्की काय आहे ते तुझ्या लिहिण्यातून मला कळलं नाही. सौदे, कंपन्यांची विलीनीकरणं, क्लायंटसमोर बसणं, हे हवं असेल तर एमबीए हाच रस्ता आहे आणि तो २८-२९ ला करायचाच असतो. एमएस फायनान्सच्या वर्गात तुला २२ वर्षांची मुलं भेटतील आणि नोकऱ्याही त्याच वयाच्या असतात, तुझ्यासाठी ती डिग्री मला पटत नाही. आणि आकडेमोड, रिस्क, किमतीची मॉडेल्स हे हवं असेल तर तुझ्या हातात आत्ताच जे आहे त्याची तुला कल्पना नाहीये.

एक मुलाखत सांगते. समोरचा मुलगा मेकॅनिकलचा, एंजिनाच्या भागांचं थर्मल अॅनालिसिस करायचा. फायनान्सचे शब्द त्याला धड येत नव्हते, पहिली वीस मिनिटं अगदी पडलेली. मग मी त्याच्यासमोर ब्लॅक-शोल्सचं समीकरण लिहिलं, १९७३ चं, ऑप्शनच्या किमतीचं, आणि विचारलं की हे ओळखीचं वाटतं का. तो दोन मिनिटं बघत बसला आणि म्हणाला, व्हेरिएबल बदलली तर ही उष्णतेच्या वहनाची समीकरणंच आहेत ना. मग मी आमच्या एका मॉडेलचा आलेख दाखवला, बॅरियरजवळ, म्हणजे ज्या भावाला ऑप्शन सुरू किंवा रद्द होतो तिथे, किंमत विचित्र उड्या मारत होती. त्यानं विचारलं, ग्रिड, म्हणजे गणिताच्या बिंदूंची जाळी, अर्धं केल्यावर उत्तर किती हललं, आणि बॅरियर बरोबर नोडवर, जाळीच्या बिंदूवर, पडतंय का दोन नोडच्या मध्ये. अरे, हाच प्रश्न त्या मॉडेलच्या टीमनं स्वतःला विचारला नव्हता! तू रोज मेश बारीक करून उत्तर स्थिर होतंय का ते बघतोस ना, तेच आमचं काम आहे. २०११ ला फेडनं, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, मॉडेल रिस्कबद्दल एसआर ११-७ नावाची मार्गदर्शक सूचना काढली तेव्हापासून बँकांना अशी माणसं लागायला लागली जी दुसऱ्याच्या मॉडेलवर संशय घेऊ शकतात, आणि त्यात मेकॅनिकल, एरोस्पेस, फिजिक्सवाले भरपूर आहेत.

मग तू म्हणशील की आत्ताच अर्ज का करू नये. करता आला असता, पण स्टेम ओपीटीवरची नोकरी तुझ्या डिग्रीशी थेट जोडलेली असावी लागते, आय-९८३ फॉर्मवर ते लिहून द्यावं लागतं, आणि मेकॅनिकलच्या डिग्रीवर बँकेतलं काम बसवणं ओढाताणीचं आहे. शेवटचे पाच महिने राहिलेत, त्यात हा धोका घेऊ नकोस. शिवाय पाच महिने उरलेल्याला कोण घेणार, ते वर सांगितलंच.

माझा स्पष्ट सल्ला असा, की तुझी पुढची डिग्री अमेरिकेबाहेरची असावी. टोरंटो युनिव्हर्सिटीचा मॅथेमॅटिकल फायनान्सचा १२ महिन्यांचा कोर्स आहे, त्यात इंटर्नशिप आहे, वॉटरलूचा क्वांटिटेटिव्ह फायनान्सचा १६ महिन्यांचा. पाचही मोठ्या कॅनेडियन बँकांचं मुख्य कामकाज टोरंटोत, त्यांच्या रिस्कच्या टीम मोठ्या, आणि मास्टर्स दोन वर्षांपेक्षा लहान असली तरी फेब्रुवारी २०२४ पासून त्यावर तीन वर्षांचं वर्क परमिट मिळतं, लॉटरी न लागता. कायमच्या रहिवासाच्या गुणांमध्ये वयाचे पूर्ण गुण २९ पर्यंतच मिळतात, तिथून पुढे दरवर्षी गळतात, तेव्हा फार लांबवू नकोस. आणि त्या बँकेत बाहेर एक वर्ष काम केलंस तर एल-वनवर, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदलीच्या व्हिसावर, तीच बँक तुला न्यूयॉर्कला आणू शकते, त्याला ना लॉटरी ना ती एक लाखाची फी. एल-वनच्याही अटी आहेत, विशेष ज्ञान दाखवावं लागतं, पण रस्ता खरा आहे, आमच्या मजल्यावर दोघं तसे आलेत.

लंडनचं मी थोडं हात राखून सांगेन. कोर्स चांगले आहेत, एका वर्षात होतात, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्याला शिक्षणानंतर दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार, आणि तू या सप्टेंबरला गेलास तरी अर्ज २०२७ मध्येच पडणार. नंतरच्या स्किल्ड वर्कर व्हिसाला पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंडांची आहे, नवख्यांना ३३,४०० ची, ती लंडनच्या बँकेत जमून जाते, इतर ठिकाणी जड जाते. सिंगापूरला एनटीयू आणि एनयूएस दोन्ही उत्तम, लॉटरी नाही, पण फायनान्समधल्या एम्प्लॉयमेंट पाससाठी २०२५ पासून किमान ६,२०० सिंगापूर डॉलर महिना लागतो आणि वयाप्रमाणे ती अट चढत जाते, म्हणजे २२ वर्षांच्या मुलापेक्षा तुला जास्त पगाराची ऑफर मिळवावी लागेल.

कुठलीही डिग्री घे, एक हिशोब मात्र कर, तो मी प्रत्येकाला करायला लावते. ६० लाख कर्ज, ११ टक्के, १० वर्षं, हप्ता साधारण ८२,६०० रुपये. अभ्यासाच्या काळातलं व्याज वेगळं, सगळी रक्कम एकदम उचललीस तर दोन वर्षांचं १३ लाखांच्या पुढे जातं. आता समज सगळं फिसकटलं आणि तू पुण्यात खराडीला एखाद्या परदेशी बँकेच्या सेंटरमध्ये २४ लाखांच्या पॅकेजवर लागलास. हातात महिन्याला दीड-पावणेदोन लाख. त्यातून ८२ हजार गेल्यावर भाडं, आईबाबांचा दवाखाना, पुढे संसार, हे निभेल का? ओढाताण होईल पण निभेल असं वाटलं तर पुढे हो. तेच कर्ज एक कोटीचं असेल तर हप्ता १ लाख ३७ हजारांच्या वर जातो आणि मग परत यायची वाटच बंद होते, माणूस मिळेल ती नोकरी, मिळेल तो व्हिसा धरून राहतो आणि त्याचा मालक त्याला कसाही वापरतो. मी अशी माणसं बघितलीत आणि मला तुझं तसं व्हायला नकोय. डॉलरच्या पगारावर हिशोब करू नकोस. तारण म्हणून सांगलीतलं राहतं घर ठेवायचं म्हणतोयस, ते तर अजिबात नको.

कॅनडाच्या यंदाच्या बऱ्याच मुदती जानेवारीत निघून गेल्यात. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, कारण तुझ्याकडे एक साधी गोष्ट आहे जी तू लिहिली नाहीस, मी विचारते: तुझ्या कंपनीचं पुण्यात इंजिनिअरिंग सेंटर आहे का? डेट्रॉइटच्या कितीतरी सप्लायरांचं हिंजवडीला नाहीतर चाकणला आहे. असेल तर लॉटरीच्या निकालाची वाट न बघता मॅनेजरला आत्ताच विचार, की मार्चमध्ये नाही लागलं तर जुलैपासून पुण्याहून काम करू शकेन का. पगार चालू राहील, वर्षभरात सीएफएची दुसरी लेव्हल, पायथनमध्ये दोन-तीन किमतीची मॉडेल्स स्वतः लिहून काढणं, आणि २०२७ च्या प्रवेशासाठी शांतपणे अर्ज. परत गेलं म्हणजे हरलो असं तुझ्या लिहिण्यात दोनदा आलंय. तसं नाहीये रे. पुण्यात बसून टोरंटोला अर्ज करणारा २९ वर्षांचा सीएई इंजिनिअर हा कमिटीला खूप आवडणारा अर्जदार आहे, आणि भारतात राहून आयएसबीचा किंवा आयआयएमचा एक वर्षाचा कोर्स करावासा वाटला तर तोही दरवाजा तेव्हा उघडाच असेल.

आणि तरीही इथेच काही शिकायचं ठरवलंस, तर निदान तारखा सांभाळ. स्टेम ओपीटी संपल्यापासून ६० दिवस मिळतात, त्याच्या आत सेव्हिस रेकॉर्ड, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याची सरकारी नोंद, नव्या कॉलेजकडे ट्रान्सफर व्हायला हवं, ६१ व्या दिवशी कोणी ऐकून घेत नाही.

दोन गोष्टी मला कळव. वेज सर्चवर तुझ्या काउंटीचे चारही आकडे काय येतात आणि तुझा बेस किती, म्हणजे एचआरला काय लिहायचं ते आपण मिळून ठरवू. आणि मामेबहिणीला ज्या ज्या कोर्सचा होकार आलाय त्या प्रत्येकाचा सहा आकडी कोड.